ओकोंक्वोचा मर्दपणा आणि साहेबाची सत्ता

१. एक प्रश्न आणि त्यामागचा दुसरा प्रश्न

चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून ती वाचून संपवणारा वाचक, मग तो कोणत्याही देशातला असो, बहुधा एकच प्रश्न विचारत आला आहे : ओकोंक्वोचा घात नेमका कोणी केला? उमुओफियाचा हा नामांकित मल्ल आणि कष्टाळू शेतकरी अखेरीस कचेरीच्या मुख्य शिपायाला कोयत्याने ठार करतो आणि स्वतःच्या वाड्यामागे झाडाला गळफास घेतो. कोणी म्हणते इंग्रजांनी त्याला संपवले, कोणी म्हणते त्याच्या तापट स्वभावाने, तर कोणी सगळा दोष त्याच्या समाजाच्या कठोर रूढींवर टाकतो.

या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो सोडवल्याशिवाय पहिल्याचे उत्तर मिळत नाही. ओकोंक्वो ज्याला मर्दपणा म्हणतो, तोच त्याच्या समाजाचाही मर्दपणा होता का? पुरुष म्हणून जन्माला येणे ही शरीराची गोष्ट असते, पण पुरुष म्हणून मानले जाणे ही समाजाने घेतलेली परीक्षा असते, आणि तिचे नियम प्रत्येक समाजात निराळे असतात. अभ्यासक ज्याला 'पुरुषत्व' म्हणतात ते म्हणजे या नियमांचा संच होय. इग्बो समाजाविषयीच्या कादंबऱ्या वाचताना हे नियम कोण ठरवतो, ते कोणाला लागू होतात आणि परकी सत्ता आल्यावर त्यांचे काय होते, याकडे लक्ष ठेवले, तर अचेबेंनी किती गुंतागुंतीचे चित्र काढले आहे ते ध्यानात येते.

२. राजा नसलेला समाज

इग्बो लोक आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागात, नायजर नदीच्या खालच्या टप्प्यात, मुख्यतः तिच्या पूर्वेकडे राहतात. ओनित्शासारखी काही गावे सोडली, तर या मुलखाच्या बहुतेक भागात राजा नव्हता. कादंबरीतला उमुओफिया हा नऊ गावांचा समूह आहे आणि त्याचे मोठे निर्णय बाजाराच्या मैदानावर भरणाऱ्या सभेत होतात. एका माणसाच्या हाती सगळी सत्ता नाही. ती वडीलधाऱ्यांत, पदव्या घेतलेल्या पुरुषांत, पूर्वजांचे मुखवटे धारण करून न्याय देणाऱ्या एग्वुग्वूंत, देवस्थानच्या पुजाऱ्यांत आणि कौल देणाऱ्या पुजारणीत वाटलेली आहे.

यांतली 'पदवी' ही कल्पना समजून घ्यायला हवी. ती वारशाने मिळत नाही. पुरुषाने कष्ट करून संपत्ती साठवावी, ती गावजेवणात आणि ठरलेल्या देण्यांत खर्च करावी आणि मोबदल्यात पदवी घ्यावी, अशी ही रीत होती. म्हणजे संपत्तीचे रूपांतर मानात होत असे आणि साठवलेले धन गावात परत वाटले जात असे. बापाला पदवी नसली तरी मुलाला ती मिळवता येई, आणि ओकोंक्वोच्या आयुष्याची सगळी धडपड याच दाराने सुरू होते. त्याचा बाप उनोका बासरी सुंदर वाजवणारा, गप्पिष्ट, रक्ताला भिणारा आणि गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला माणूस होता आणि एकही पदवी न घेता तो मेला. अशा बापाचा मुलगाही गावात मान मिळवू शकतो, ही त्या समाजाची उदार बाजू होय, आणि ओकोंक्वोच्या कर्तृत्वाला तिनेच वाव दिला हे विसरता कामा नये.

३. कंदांचा हिशेब

मान मिळवण्याचे मुख्य साधन होते याम. कोनफळाच्या कुळातला हा मोठा कंद 'पुरुषाचे पीक' मानला जाई. अळकुड्या, घेवड्यासारखी कडधान्ये आणि ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा, ही बायकांची पिके. यामाला सतत राबावे लागते, म्हणून ज्याच्या कोठारात याम त्याच्या अंगी पुरुषार्थ, असा हिशेब मांडला जाई.

ओकोंक्वोला बापाकडून बियाणे मिळाले नाही. त्यामुळे तो गावातल्या न्वाकिबिए नावाच्या श्रीमंताकडे अर्धेलीसारख्या कराराने बियाणे मागायला जातो. न्वाकिबिए त्याला ८०० कंद देतो आणि बापाच्या एका मित्राकडून आणखी ४०० मिळायचे असतात. पण हा करार अर्धेलीहून कठीण आहे, कारण कसणाऱ्याच्या वाट्याला पिकाचा तिसरा हिस्साच येतो. ३०० कंद निघाले तर २०० मालकाचे आणि १०० कसणाऱ्याचे, आणि त्या शंभरांत ओकोंक्वोला बापाचे घर, आई आणि दोन बहिणी पोसायच्या आहेत. त्या वर्षी आधी पाऊस दडी मारतो. जमिनीच्या धगीपासून कोंब वाचावेत म्हणून तो वाफ्यांभोवती घायपाताच्या जाड पानांची कडी करून ठेवतो, आणि संध्याकाळपर्यंत ती पानेही वाळून करडी होतात. मग उरलेले बियाणे पेरल्यावर पाऊस असा कोसळतो की वाफेच वाहून जातात. त्या वर्षी एका शेतकऱ्याने गळफास घेतला. ओकोंक्वो तगला, आणि या वर्षात तगलो तर कशातही तगेन, अशी त्याची खात्री झाली. त्याच्या पुढच्या हट्टाचे मूळ या खात्रीत आहे.

याच प्रसंगात अचेबेंनी एक बारीक तपशील ठेवला आहे, जो घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. ताडी वाटली जात असताना न्वाकिबिएच्या बायका आत येतात, पण थोरली बायको अनासी अजून आलेली नाही, आणि तिच्याआधी दुसऱ्या कोणीही प्यायचे नाही, म्हणून सगळ्या उभ्या राहून तिची वाट पाहतात. ती येते तेव्हा तिच्या पायात नवऱ्याच्या पदव्यांचा पैंजण असतो, जो घालण्याचा अधिकार फक्त थोरल्या बायकोचा आहे. पदवी पुरुषाने मिळवली, पण ती अंगावर वागवण्यात त्याच्या पत्नीचाही वाटा आहे.

४. ओकोंक्वोला जे दिसले नाही

बापासारखे होण्याची भीती ओकोंक्वोला आयुष्यभर छळते, आणि उनोकात जे जे होते, म्हणजे संगीत, हळवेपणा, बोलण्यातली गोडी, ते सगळे तो बायकी ठरवून टाकून देतो. मर्दपणाची त्याची व्याख्या त्यामुळे फार अरुंद होते : राग दाखवावा, माया दाखवू नये. अचेबेंची खरी कारागिरी इथे आहे, कारण ही व्याख्या समाजाची नाही हे ते एकामागून एक प्रसंगांतून दाखवत जातात.

पेरणीआधीच्या शांतता-सप्ताहात धाकटी बायको ओजिउगो वेणी घालून घ्यायला जाते आणि दुपारचा स्वयंपाक करायला वेळेवर परतत नाही, म्हणून तो तिला मारतो. भूमिदेवी अनीचा पुजारी लगेच त्याच्या घरी येतो आणि बायकोचा दोष असला तरी देवीचा अपमान झाला म्हणून एक शेळी, एक कोंबडी, कापडाचा एक तुकडा आणि शंभर कवड्या असा दंड ठोठावतो. समाजातल्या सर्वांत बलिष्ठ पुरुषाला वाकायला लावणारी ही शक्ती स्त्रीदेवता आहे. इकेमेफुना हा दुसऱ्या गावाने ओलीस दिलेला मुलगा तीन वर्षे ओकोंक्वोच्या घरी वाढतो आणि त्याला बाप म्हणू लागतो. त्याला मारण्याचा कौल येतो, तेव्हा गावातला वडीलधारा एझेउडू ओकोंक्वोला बजावतो की या कामात हात घालू नकोस. तरीही दुबळा ठरण्याच्या भीतीने ओकोंक्वोच त्याच्यावर घाव घालतो. नंतर त्याचा मित्र ओबिएरिका स्पष्ट सांगतो की असल्या कृत्यावर भूमिदेवी कोपते आणि घराणी बुडतात. ओबिएरिकाही पदवी घेतलेला आहे, संपन्न आहे, आणि कोणी त्याला कमी मर्द म्हणत नाही.

या सगळ्यांत बोलका प्रसंग न्दुलुए आणि ओझोएमेना या वृद्ध दांपत्याचा आहे. न्दुलुए हा एके काळचा मोठा योद्धा. तो मरतो, आणि त्याची थोरली बायको ओझोएमेना काठी टेकत येऊन मृतदेहापाशी त्याला हाका मारते, आपल्या झोपडीत परतते आणि त्याच दिवशी प्राण सोडते. तिला पुरल्याशिवाय त्याच्या मृत्यूची दवंडी देता येत नाही, म्हणून ढोल गप्प असतात. हे दोघे एकाच मनाचे होते आणि तो तिला विचारल्याशिवाय काही करत नसे, असे गप्पांत निघते, तेव्हा ओकोंक्वो चकित होऊन म्हणतो की तरुणपणी तो बळकट होता असे ऐकले होते. बाकीचे सांगतात की होताच, लढाईत तोच पुढे असे. ओकोंक्वोच्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र बसतच नाहीत. इतरांना त्यात काही वावगे वाटत नाही.

म्हणून इग्बो समाज समतेचा होता असे मात्र मानू नये, आणि अचेबेंनीही तसे भासवलेले नाही. न्यायसभेत बायका कडेला बाहेरच्यांसारख्या उभ्या असतात, मुखवट्यांचे रहस्य त्यांना विचारायची मुभा नसते, जुळी मुले रानात टाकली जातात. पण उझोवुलू नावाचा नवरा बायकोला वर्षानुवर्षे मारत असतो आणि तिचे भाऊ तिला माहेरी नेतात, तेव्हा हीच पुरुषांची सभा त्यालाच ताडीचा घडा घेऊन सासुरवाडीस जा आणि विनवणी कर असे फर्मावते. या समाजात वर्चस्व पुरुषांचे होते, पण त्या वर्चस्वाला लगाम होते.

५. बाजारातली चिएलो, रात्रीची चिएलो

या लगामांत सर्वांत मोठा लगाम धर्माचा. चिएलो ही दोन मुलांची विधवा, बाजारात ओकोंक्वोची बायको एक्वेफी हिच्या शेजारी बसून माल विकणारी, तिची जिवाभावाची मैत्रीण. एका रात्री देवाचे वारे अंगात आलेली हीच चिएलो ओकोंक्वोच्या दारी येते आणि त्याची लाडकी मुलगी एझिन्मा हिला गुहेतल्या देवाकडे न्यायला मागते. मुलगी झोपली आहे, सकाळी या, अशी ओकोंक्वो चक्क विनवणी करतो, आणि चिएलो त्याला दरडावून गप्प करते. ज्या घरात त्याच्या शब्दापुढे कोणी ब्र काढत नाही, तिथे एक बाजारकरीण त्याला आज्ञा करते आणि ती त्याला पाळावी लागते. तो कोयता घेऊन अंधारात मागे जातो, पण थांबवू शकत नाही. सत्ता व्यक्तीला चिकटलेली नसून भूमिकेला चिकटलेली असते, आणि भूमिका दिवस-रात्रीबरोबर बदलू शकते, ही इग्बो व्यवस्थेची मुख्य कल्पना या एका रात्रीत पूर्ण समजते.

६. सनदी मुखिया

इंग्रजांना हीच गोष्ट उमजली नाही. फ्रेडरिक लुगार्ड या अधिकाऱ्याने उत्तर नायजेरियात 'अप्रत्यक्ष राज्यकारभार' रुजवला होता. स्थानिक राजाला गादीवर ठेवून त्याच्यामार्फत कर आणि हुकूम चालवायचे, असा त्याचा अर्थ. ज्यांना कोल्हापूर, सांगली यांसारख्या संस्थानांचा आणि तिथल्या पोलिटिकल एजंटांचा इतिहास ठाऊक आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. उत्तरेत अमीर म्हणवणारे राजे होते, म्हणून तिथे ते जमले. १९१४ मध्ये उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एक करण्यात आले, आणि आग्नेयेकडे, जिथे राजेच नव्हते, तिथे सरकारने माणसे निवडून त्यांना सनदा देण्याची आधीपासूनची पद्धत राबवली. हे 'सनदी मुखिया' होत. ज्या गावात कधी पाटीलकी नव्हती, तिथे मामलेदाराने येऊन कचेरीत ये-जा असलेल्या एखाद्याच्या हाती कागद द्यावा आणि आजपासून हाच पाटील, वसुलीही हाच करील आणि न्यायही हाच देईल, असे जाहीर करावे, तसे हे होते.

अचेबेंच्या १९६४ सालच्या 'ॲरो ऑफ गॉड' या कादंबरीचा गाभा हाच आहे. १९२० च्या दशकातल्या उमुआरो या गावसमूहाचा एझेउलू हा मुख्य पुजारी. जमिनीच्या तंट्यात त्याने आपल्याच लोकांविरुद्ध खरी साक्ष दिल्यामुळे विंटरबॉटम या इंग्रज अधिकाऱ्यावर त्याची छाप पडली आहे, आणि तो त्याला मुखियापद देऊ करतो. एझेउलू ते नाकारतो, कारण तो उलू देवाचा सेवक आहे, साहेबाचा नव्हे. त्याला कोठडीत टाकतात. दर चंद्रदर्शनाला एक पवित्र याम खायचा आणि ते संपत आले की कापणीचा सण जाहीर करायचा, हे त्याचे काम. कैदेत दोन चंद्र उलटतात, दोन याम शिल्लक राहतात, आणि सुटून आल्यावर तो ते लवकर खाऊन टाकायला नकार देतो. शेतात पीक सडू लागते. तेवढ्यात ख्रिस्ती मिशनने सांगितले की याम आमच्या देवाला वाहा, मग बेधडक काढा, आणि उपाशी लोक तिकडे वळले.

ओकोंक्वो आणि एझेउलू या दोघांना सारखे समजणे सोपे आहे, पण एझेउलूची शोकांतिका अधिक खोल आहे. आपली सत्ता खरोखर किती, सण जाहीर करायला आपण नकार देऊ शकतो का, हा प्रश्न तो पहिल्याच पानांत स्वतःला विचारतो. सत्तेची ती चाचपणी करण्याची संधी त्याला इंग्रजांच्या कोठडीने दिली, आणि ती त्याने आपल्याच लोकांवर सूड म्हणून वापरली. परकी सत्ता आतल्या भेगा नव्याने पाडत नाही. असलेल्या भेगांत पहार घालते, असे अचेबेंचे म्हणणे या कादंबरीतून निघते आणि इतिहासही त्याला दुजोरा देतो.

७. १९२९ : बायकांचे युद्ध

सनदी मुखियांच्या व्यवस्थेत एक बाजू पूर्ण गाळली गेली. इग्बो गावांत बायकांच्या स्वतःच्या सभा होत्या, बाजाराचे नियम त्या ठरवत, आणि एखाद्या पुरुषाने बायकोला छळले किंवा बाजाराचा नियम मोडला, तर त्या त्याच्या दारात जमून रात्रभर त्याच्या गैरवर्तनाची गाणी म्हणत, मुसळांनी त्याच्या झोपडीच्या भिंती ठोकत आणि तो माफी मागेपर्यंत हलत नसत. ही मान्यताप्राप्त शिक्षा होती. इंग्रज अधिकारी मात्र फक्त पुरुषांशी बोलले, न्यायालयांत पुरुष बसवले आणि बायकांच्या या अधिकाराची नोंदसुद्धा घेतली नाही.

१९२८ मध्ये पुरुषांवर कर बसला. नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात सनदी मुखिया ओकुगो याचा माणूस न्वान्येरुवा या बाईकडे जाऊन तिची माणसे आणि शेळ्या मोजायला लागला, तेव्हा आता बायकांवरही कर येणार अशी खात्री पटून तिने इतर बायकांना बोलावले. हजारो बायका मुखियांच्या दारांत जमल्या, त्यांच्या अधिकाराच्या टोप्या त्यांनी हिसकावल्या, न्यायालये मोडली. लोण ओवेरी आणि कॅलाबार प्रांतांत पसरले. सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि ५० हून अधिक बायका मारल्या गेल्या. सरकारी दप्तरात याचे नाव 'आबाचे दंगे' असे पडले, इग्बो बायका त्याला 'बायकांचे युद्ध' म्हणतात. पुढे सनदी मुखियांची पद्धत रद्द करावी लागली.

ओकोंक्वो आणि त्याच्या कादंबरीतला इंग्रज जिल्हा कमिशनर हे एकमेकांचे शत्रू असले, तरी एका बाबतीत त्यांची नजर सारखीच अधू आहे : इग्बो समाजातली स्त्रीची सत्ता दोघांनाही दिसत नाही. फरक एवढाच की ओकोंक्वोच्या अधू नजरेला गाव आवरू शकत होते, कमिशनरची अधू नजर कायदा झाली.

८. लेखिकांनी लिहिलेली बाजू

अचेबेंच्या पहिल्या कादंबऱ्यांत बायका आहेत, पण त्यांच्या मनात वाचकाला फारसा प्रवेश नाही, हा आक्षेप खरा आहे. ती उणीव लेखिकांनी भरून काढली. फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' १९६६ मध्ये आली. तिची नायिका व्यापार करते, तिची दोन लग्ने मोडतात आणि ती सरोवराची देवी उहामिरी हिची उपासना पत्करते. त्या कादंबरीच्या शेवटच्या ओळींतला मातृसुखाचा उल्लेख उचलून बुची एमेचेटा यांनी १९७९ मध्ये आपल्या कादंबरीला 'द जॉइज ऑफ मदरहूड' हे नाव दिले.

एमेचेटांची कादंबरी म्हणजे ओकोंक्वोच्या कथेचे शहरातले रूप आहे. इबुझा गावच्या प्रसिद्ध शिकाऱ्याची मुलगी न्नू एगो लागोसला येते, तेव्हा तिचा नवरा न्नाइफे हा गोऱ्या कुटुंबाचा धोबी असतो आणि मेमसाहेबांचे आतले कपडे धुतो. त्याच्या मर्दपणाचा आधार, म्हणजे जमीन, याम, पदव्या, सगळे गावात राहिले. शहरात उरला पगार, आणि तोही साहेबाच्या मर्जीचा. दुसऱ्या महायुद्धात त्याला बळजबरीने सैन्यात भरून ब्रह्मदेशाकडे धाडतात. इकडे न्नू एगो सिगारेटी, काडेपेट्या, सरपण विकून मुलांची फी भरते. पुढे न्नाइफेवर खटला चालतो आणि मुलांचा खर्च कोण करते असे तिला न्यायालयात विचारतात, तेव्हा ती नवऱ्याचे नाव घेते. पैसे तिच्या कमाईचे असले तरी ती स्वतःच त्याची आहे, हे तिच्या मनात इतके पक्के आहे. पुरुषांच्या हातची सत्ता गेली तरी बायकांच्या खांद्यावरचे ओझे गेले नाही, उलट गावात ज्या सभा, मैत्रिणी आणि माहेरचे हक्क तिच्या पाठीशी असते, ते शहरात नाहीत. रस्त्याच्या कडेला, जवळ एकही मूल नसताना तिला मरण येते. मराठी कादंबरीत गिरणगावात आलेल्या बाईचे चित्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही न्नू एगो परकी वाटणार नाही.

२००३ साली आलेल्या चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या 'पर्पल हिबिस्कस'मध्ये तिसरे रूप दिसते. यूजीन हा श्रीमंत, धर्मनिष्ठ कॅथलिक, लष्करी हुकूमशाहीविरुद्ध वृत्तपत्र चालवणारा धाडसी माणूस. घरात मात्र बायकोमुलांना निर्दयपणे मारतो. ओकोंक्वोने बापाला तो अपयशी म्हणून झिडकारले. यूजीन बापाला तो मूर्तिपूजक म्हणून झिडकारतो आणि नाताळात नातवंडांना आजोबांकडे फक्त १५ मिनिटे जाऊ देतो. रागाला मर्दपणा समजणारा पुरुष तोच आहे, पण त्याला दंड करणारा भूमिदेवीचा पुजारी आता उरलेला नाही.

९. वाचकासाठी

या विषयात उतरू पाहणाऱ्या वाचकाने 'थिंग्ज फॉल अपार्ट'वर थांबू नये. तिच्यामागून 'ॲरो ऑफ गॉड' आणि मग 'द जॉइज ऑफ मदरहूड' या क्रमाने वाचावे, आणि पहिली कादंबरी पुन्हा उघडून या खेपेस ओकोंक्वोऐवजी एक्वेफी, चिएलो आणि ओझोएमेना यांची पाने सावकाश वाचावीत. ओकोंक्वोचा घात कोणी केला, याचे उत्तर त्या पानांत आधीपासून लिहिलेले आहे.